सोलापूरची सून, शान्सीची लेक

आपल्या घरांतून ‘मुलगा बाहेरगावी असतो’ या वाक्याचा अर्थ एका पिढीत पार पालटला. पूर्वी बाहेरगाव म्हणजे खांडवा, भुसावळ, इंदूर, फार तर नागपूर. रेल्वेत, टपालखात्यात किंवा शाळाखात्यात चिकटलेला मुलगा शनिवारी रात्रीच्या गाडीने येई, रविवारी आईच्या हातचे जेवून सोमवारी पहाटे डबा घेऊन परते. आता बाहेरगाव म्हणजे दुबई, सिंगापूर, फ्रँकफुर्ट, टोरांटो. मुलाचा आवाज रोज कानी पडतो, त्याचा चेहरा पडद्यावर दिसतो. परंतु त्याच्या दिवसाचा चोवीस तासांचा व्यवहार कोणत्या माणसांत चालतो, हे घराला ठाऊक नसते. आणि मग एखाद्या संध्याकाळी, इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्यावर, तो म्हणतो, ‘‘आई, एक सांगायचं होतं.’’

ज्या देशी मुलगा पोटापाण्यासाठी गेला, त्याच देशातील मुलीशी त्याचे मन जुळले, तर घराने काय करावे? हा प्रश्न आता आपल्या समाजात अपवादाचा राहिलेला नाही. देवघरापासून माजघरापर्यंत तो दबक्या स्वरात बोलला जातो. चारचौघांत मात्र आपण त्याला ‘आमच्याकडे तसलं काही नाही हो’ असे म्हणून वाटेला लावतो. म्हणून आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे, असे योजिले आहे.

अशा प्रसंगी जे आईवडील अस्वस्थ होतात, त्यांना एकदम जुनाट ठरवून मोकळे होणे हा त्यांच्यावर अन्याय होय. त्यांच्या अस्वस्थतेत अहंकाराचा अंश असेलही. परंतु तिच्या तळाशी भय असते आणि ते भय निराधार नसते. उतारवयात दुखण्याखुपण्याला कोण येईल? कुळाचार, सणवार, श्राद्धपक्ष कोण चालवील? आणि सर्वांत खोलवरचे भय म्हणजे, ज्या भाषेत आपण आयुष्यभर रागावलो, हसलो, देवाला आळविले, ती भाषा आपल्या नातवाला कळेल काय?

शाळेत आयुष्य घालविणाऱ्या माणसाकडे माजी विद्यार्थ्यांचे पालक सल्ल्यासाठी येत असतात. तो मान खुर्चीचा असतो. मागे असेच एक गृहस्थ सपत्नीक आले होते. चिरंजीव जर्मनीत अभियंता. तेथील एका मुलीशी विवाह करण्याचा त्याचा निश्चय. गृहस्थ म्हणाले, ‘‘सर, मुलगी वाईट आहे असं आम्ही म्हणतच नाही. फोनवर ‘नमस्कार’ म्हणते, गोड हसते. पण ती या घरी येऊन राहणार आहे का? आणि नाही राहिली, तर आमची सून कसली?’’ त्यांच्या पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढेच बोलल्या, ‘‘गुरुजी, मला बाकी काही नको. पण नातवाला मांडीवर घेऊन मी त्याच्याशी बोलू काय?’’

या दोन प्रश्नांत सारा विषय येऊन जातो. पहिला प्रश्न सुनेने घरी येण्याचा, दुसरा भाषेचा. त्यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मराठी भाषेच्या एका घरात, सोलापुरात, आठ दशकांपूर्वी घडले आहे. ती कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. परंतु आपण ऐकली ती बहुधा अर्धीच.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईस झाले. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साह्याची मागणी केली. त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. लोकांनी वर्गणी दिली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. बऱ्हाणपूर त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि नागपूर ही आपली राजधानी होती; तेव्हा डॉ. चोळकर हे आपल्याच प्रांताचे म्हणावयास हरकत नाही. पाचांपैकी चौघे यथाकाल मायदेशी परतले. कोटणीस राहिले.

अठ्ठावीस वर्षांचा, नुकताच डॉक्टर झालेला मुलगा. त्याच्याकडून मध्यमवर्गीय मराठी घराची काय अपेक्षा असणार, हे सांगणे न लगे. पुढचे शिक्षण घ्यावे, दवाखाना थाटावा, बहिणींची कार्ये पार पाडावीत, मग स्वतःचे दोनाचे चार हात करावेत. तो चीनमध्ये असतानाच वडील निवर्तल्याची वार्ता त्याला कळली. परत फिरण्यास याहून सबळ कारण कोणते असू शकले असते? आपल्या रीतीप्रमाणे मुलाने अशा वेळी घरी धाव घ्यावी. परंतु जखमी सैनिकांना टाकून जाणे त्याच्या मनाने घेतले नाही. ही गोष्ट आपण त्याच्या त्यागाची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. मात्र त्या दिवशी सोलापूरच्या घरात जी माणसे बसली असतील, त्यांचाही त्यात वाटा होता, हे आपण बोलत नाही. परदेशी गेलेल्या मुलाचा प्रत्येक निर्णय मागे राहिलेल्या माणसांच्या पदरी काही ना काही टाकीत असतो.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक यान-आनला पोचले आणि पुढे कोटणीस उत्तर चीनच्या सीमाभागातील आघाडीवर गेले. तेथे कॅनडाचे सुप्रसिद्ध शल्यवैद्य नॉर्मन बेथून यांनी रुग्णसेवा करता करता त्याच वर्षी नोव्हेंबरात देह ठेवला होता. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ च्या आरंभी कोटणीसांकडे आले. तेथवर पोचताना या तरुणाने जी एक गोष्ट केली, ती मला त्याच्या शस्त्रक्रियांइतकीच मोलाची वाटते : तो चिनी भाषा शिकला. नुसती बाजारापुरती नव्हे; विद्यार्थ्यांना त्या भाषेत वैद्यक शिकविण्याइतकी. आपल्या चिनी नावाच्या अखेरीस त्याने ‘हुआ’ हे अक्षर धारण केले. ते अक्षर चीन देशाचे वाचक आहे.

त्याच परिसरात ग्वो छिंगलान ही तरुण परिचारिका बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत शिकवीत होती. ती शान्सी प्रांतातील फेनयांगची. बेथून यांच्या समाधीच्या अनावरणप्रसंगी १९४० मध्ये तिने या भारतीय डॉक्टरला प्रथम पाहिले आणि त्याच्या चिनी बोलण्याचे तिला नवल वाटले. परिचय वाढला. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी पुत्र झाला. सेनापती न्ये रुंगचन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव ‘इन्हुआ’ ठेवण्यात आले. ‘इन्’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, मूल साडेतीन महिन्यांचे असताना, अपस्माराच्या झटक्यांनी डॉ. कोटणीसांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस.

येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे, याचे श्रेय मुख्यतः शांतारामबापूंच्या चित्रपटाला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. स्वतः कोटणीसांची भूमिका केली आणि जयश्रीबाईंनी चिनी पत्नीची. त्या चित्रपटाच्या शेवटी मरणोन्मुख डॉक्टर आपल्या पत्नीला सोलापूरच्या घराचे वर्णन करून सांगतो आणि ती बाळाला घेऊन त्या घराच्या दारी येते. चित्रपटगृहांतून त्या दृश्याला डोळे पुसले गेले असतील, यात नवल नाही. कारण तेथे आपल्या सर्वांच्या मनातली अपेक्षा पुरी होते. मुलगा गेला, पण सून आली, नातू आला, उंबरठा ओलांडला, घर पुरे झाले.

प्रत्यक्षात मात्र असे घडले नाही. छिंगलान सोलापूरच्या घरी नांदावयास आली नाही. ती आपल्या देशात राहिली, तेथेच मुलाला वाढविले. पुढे तिने दुसरा विवाह केला; त्या संसारातही तिला अपत्ये झाली. इन्हुआ वैद्यकाचे शिक्षण घेत होता. तो १९६७ मध्ये, डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावर असताना, ऐन पंचविशीत मरण पावला. म्हणजे हिशेबाच्या वहीत पाहू जाता सोलापूरच्या घराकडे काय उरले? मुलगा नाही, नातू नाही, आणि सून दुसऱ्याच्या घरची. आपल्या व्यवहाराच्या भाषेत अशा नात्याला ‘तुटले’ म्हणतात.

पण ते तुटले नाही. छिंगलान १९५८ मध्ये भारतात आली आणि त्यानंतरही अनेकदा आली. कोटणीसांच्या घरच्यांना भेटत राहिली. घरची मंडळीही चीनला जाऊन आली. १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाले, पुढे कित्येक वर्षे राजकीय दळणवळण गोठले. तरी वाट मोकळी होताच हे नाते पुन्हा चालू लागले. २००६ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष हू चिंताव मुंबईत कोटणीस कुटुंबीयांना भेटले आणि २०१४ मध्ये शी चिनफिंग यांनी दिल्लीत डॉक्टरांच्या वृद्ध भगिनीची भेट घेतली. या भेटींत राजकारण होते, हे उघड आहे. परंतु दोन देशांना मिरविण्यासाठी नाते हवे असले, तरी ते आधी दोन घरांनी जपलेले असावे लागते. छिंगलान २०१२ मध्ये वारली. पती तिला लाभला जेमतेम वर्षभर. सासर लाभले सत्तर वर्षे.

सोलापूरच्या घराने सून ‘येण्याची’ अट नात्याला घातली नाही. तिने पुन्हा संसार मांडला म्हणून तिचे नाव खोडले नाही. आपल्या समाजात ही गोष्ट किती अवघड होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. वधू परदेशी नव्हती, परभाषी नव्हती, परजातीची नव्हती. वराच्या मित्राची बहीण होती. तरीही मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला आणि मुलाच्या कृत्याचा भार त्यांच्या वृद्ध आईला सोसावा लागला. त्या प्रसंगानंतर पन्नास वर्षांच्या आत एका मराठी घरापुढे चिनी सून, आणि पुढे पुनर्विवाहित चिनी सून, असा प्रश्न आला. ते घर डगमगले नाही. म्हणजे परकेपणा पारपत्राच्या रंगावर ठरत नाही. मुरूडला गोदूबाई परकी होऊ शकते आणि फेनयांगची छिंगलान आपली होऊ शकते. ते घराच्या मनावर असते.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आपल्या प्रांतात आहे. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे विशीच्या सुमारास देश सोडून गेले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, इराण, जर्मनी, रशिया असा प्रवास करून १९२४ मध्ये मेक्सिकोस पोचले. तेथे शेतकी शाळेत अध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रात त्यांना रेखाटले. १९३६ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. दोन मुली झाल्या, एकीचे नाव सावित्री, दुसरीचे माया. देश स्वतंत्र झाल्यावरही परकीय सत्तेच्या जुन्या काळ्या यादीतले त्यांचे नाव लगेच पुसले गेले नव्हते. अखेर १९५५ च्या सुमारास, सुमारे अर्ध्या शतकानंतर, ते नागपुरास येऊन स्थायिक झाले आणि तेथेच १९६७ मध्ये वारले.

येथे सून आली, नाती आल्या. पण ज्यांनी वाट पाहिली असेल, त्या पिढीतली किती माणसे दार उघडण्यास उरली असतील? कोटणीसांच्या घरी माणूस आला नाही, नाते आले. खानखोज्यांच्या घरी माणसे आली, काळ निघून गेला होता. खानखोज्यांच्या कन्येने वडिलांचे चरित्र लिहिले ते इंग्रजीत. मराठीत ते वीणा गवाणकर यांनी लिहिले. कन्येची लेखणी इंग्रजी झाली, म्हणून पित्याची आठवण पुसली गेली नाही, हे ध्यानी घ्यावे.

आता त्या माउलीचा दुसरा प्रश्न : ‘नातवाशी बोलू काय?’ या प्रश्नाची आपणा बृहन्महाराष्ट्रीयांना तरी नवलाई नसावी. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. कोणी त्या काळात आले, कोणी नंतर नोकरीपेशाने, कोणी हातमागाच्या धंद्याने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर व वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो. महाराष्ट्राची सीमा इतकी जवळ, की रावेरचा बाजार आपल्याला परका नाही. तरी शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, बाजारात हिंदी आणि निमाडी. आपल्या मंगलकार्यांत पुरणपोळीशेजारी माव्याची जिलबी आणि दराबा असतो. असे असूनही मराठी टिकली, ती कोणत्या राज्यकर्त्यांमुळे नव्हे, घराघरांतल्या आज्यांमुळे. सून कोणत्या प्रांतातून आली, यापेक्षा आजी किती बोलते, यावर नातवाची भाषा ठरत आली आहे.

या गोष्टीची दुसरी बाजूही पाहावी. शुद्ध मराठी घरची सून, मराठी मुलगा, पुण्या-बंगळूरचा संसार आणि नातू आजीशी इंग्रजीत बोलतो, अशी घरे आपल्या परिचयात किती आहेत? तेथे परदेशी सुनेवर दोष ठेवता येत नाही. उलट, परक्या भाषेची सून पुष्कळदा नवऱ्याची भाषा कुतूहलाने शिकते, कारण तिला ती नवी असते. कोटणीस युद्धाच्या धामधुमीत दोन वर्षांत चिनी शिकले. मग शांततेच्या काळात, दर रविवारी अर्धा तास पडद्यासमोर बसून आजीने नातवाला चिऊकाऊची गोष्ट सांगणे अशक्य का असावे? नातू प्रथम हसेल, मग ऐकेल, मग एखादा शब्द उचलील. आणि आजीनेही तिकडच्या भाषेतले दहा शब्द शिकावेत. ‘जेवलास का’ एवढे जरी तिच्या भाषेत विचारता आले, तरी पलीकडच्या बाईला आपले माणूस भेटते.

भावनेपाठोपाठ व्यवहारही पाहिला पाहिजे. कारण अज्ञानातून उगाच कटुता वाढते. अशा विवाहासाठी कोणी धर्म बदलण्याची आवश्यकता नसते. विवाह भारतात करावयाचा तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. वर एकवीस व वधू अठरा वर्षे पूर्ण केलेली हवी. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य असावे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी, ती लावली जाते आणि तीस दिवसांत वैध हरकत न आल्यास तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. परदेशात करावयाचा आणि दोघांपैकी एक भारतीय नागरिक असेल, तर १९६९ च्या विदेशी विवाह कायद्यान्वये आपल्या वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर तो करता येतो. विदेशी पती वा पत्नीस, विवाहाची नोंद होऊन तो सलग दोन वर्षे टिकला असल्यास, ‘ओव्हरसीज सिटिझन’ म्हणजे ओ.सी.आय. कार्डासाठी अर्ज करण्याची सोय आहे. ते मिळाले की वारंवार व्हिसासाठी खेटे घालावे लागत नाहीत.

आणखी एक कलम आपल्या एकत्र कुटुंबांनी मुद्दाम जाणून घ्यावे. विशेष विवाह कायद्यानुसार एखाद्या हिंदू व्यक्तीने हिंदू, बौद्ध, शीख वा जैन नसलेल्या व्यक्तीशी विवाह केला, तर कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती अविभक्त कुटुंबातून विभक्त झाली, असे मानले जाते. तिचा मिळकतीतील हक्क बुडत नाही. मात्र तिच्या मिळकतीचा पुढील वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. दोघेही वरील धर्मांपैकी असतील, तर १९७६ पासून हा नियम लागू नाही. वाडा, शेत, दुकान सामाईक असेल त्यांनी वेळीच वकिलाला विचारून कागद करून ठेवावेत. कायदा ‘वेगळा झाला’ म्हणतो तो सातबारापुरता. दिवाळीचा फराळ पाठवू नये, असे कोणतेही कलम सांगत नाही.

येथवर आईवडिलांना उद्देशून लिहिले. आता परदेशी असलेल्या मुलांना दोन शब्द. तुमच्या निवडीहून तुमचे मौन अधिक घर मोडते. तिकडे दोन-तीन वर्षे एकीशी मन जुळलेले असते. इकडे आई पत्रिका जमवीत असते, वडील स्थळांकडे शब्द टाकीत असतात, आणि मुलगा ‘बघू, इतक्यात नको’ म्हणत दिवस ढकलतो. यातून कधी कधी फार मोठा अनर्थ होतो. मुलगा दबावाखाली सुट्टीत येतो, पंधरा दिवसांत लग्न उरकतो आणि परत जातो. ज्या मुलीच्या हातची मेंदी अजून पुसलेली नसते, ती व्हिसाची वाट पाहत माहेरी बसते. तिला कोणी विचारले होते? आईवडिलांचे मन राखण्यासाठी तिसऱ्याच घरची लेक बळी देणे याला मातृभक्ती म्हणत नाहीत. आईवडिलांनो, तुम्हांसही हेच सांगणे आहे. ‘एकदा लग्न झाले की तिकडचे विसरेल’ या भरवशावर दुसऱ्याच्या मुलीचे आयुष्य लावू नका. नाही म्हणावयाचे असेल तर मुलाला म्हणा. पण त्याचा दंड परक्या लेकीला भरावयास लावू नका.

मुलगा आणि मुलगी यांना आपण दोन मापांनी मोजतो, हेही येथे बोलले पाहिजे. मुलाने विदेशी मुलगी पसंत केली तर काही दिवस अबोला, मग ‘काय करणार, आजकालची मुलं’ आणि अखेर स्वागतसमारंभ. मुलीने विदेशी वर पसंत केला तर तिच्या धाकट्या बहिणीची स्थळे अडतील, या भयाने तिचे नावच घरात निघेनासे होते. परदेशात मुलाइतक्याच कष्टाने नोकरी करणारी, घरी पैसे पाठविणारी मुलगी विवाहाच्या प्रश्नावर मात्र एकाएकी अजाण ठरते! सून परक्या देशची चालते, तर जावईही चालला पाहिजे. छिंगलानकडे आपण सदैव ‘कोटणीसांची पत्नी’ म्हणून पाहतो. ती फेनयांगच्या कोणाची तरी लेक होती आणि तिनेही परक्या देशचा, परक्या वर्णाचा, कायमचा राहील की जाईल याची शाश्वती नसलेला पुरुष पत्करला होता, ही बाजू आपल्या ध्यानी येत नाही.

सगळेच असे विवाह सुखाचे होतात, असा माझा दावा नाही. आपल्या पद्धतीने जुळविलेले तरी सगळे कोठे होतात? नीट चौकशी करावी, घाई करू नये, मुलगी इकडे येऊन चार दिवस राहील असे पाहावे, शक्य असल्यास आपणही तिकडे जावे. नोकरी, पूर्वीचा विवाह, प्रकृती, कर्ज यांविषयी जे प्रश्न इंदूरच्या स्थळाला विचारतो, तेच संकोच न करता तिकडेही विचारावेत. विवेकाने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार घराला आहे. फक्त ते ‘नाही’ माणसाला पाहून म्हटलेले असावे. नकाशा पाहून म्हटलेले नसावे.

डॉ. कोटणीसांच्या सोलापूरच्या घराचे आता स्मारक झाले आहे. तिकडे जाणे झाल्यास वाचकांनी मुलाबाळांसह अवश्य पाहावे. आणि ज्यांच्या घरी असा प्रसंग आज उभा आहे, त्यांना एक लहानशी गोष्ट सुचवितो. मुलाला पहिला प्रश्न ‘ती कोण, कुठली, काय खाते’ असा विचारू नये. ‘तिच्या आईवडिलांचं काय म्हणणं आहे?’ असे विचारावे. सात समुद्रांपलीकडे तशीच एक आई तशाच चिंतेने जागी असेल. आपली लेक कोणत्या घरात पडते आहे, तेथील माणसे तिला काय म्हणतील, हे तिला कळत नसेल. मुलाकडून तिच्या भाषेत चार ओळी लिहवून घ्याव्यात, खाली आपली मराठी सही करावी आणि ते पत्र तिला धाडावे.